कारहुणवीची ओळ

शुक्रवार, ३० ऑगस्ट २०२४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांच्या कार्यालयात मी आदल्या दिवशीचे अहवाल वाचत होतो. पाचव्या अहवालापाशी थांबलो.

हे काम माझ्याकडे कसे आले ते आधी सांगितले पाहिजे. माझी भाची स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांसाठी एक संगणकप्रणाली चालवते. डॉक्टर सोनोग्राफी करतात, यंत्रातली मापे आपोआप संगणकात येतात आणि त्यांवरून अहवाल तयार होतो. पूर्वी डॉक्टर तोंडाने सांगत आणि कुणीतरी टंकत बसे. आता दोन पाने छापून येतात. पहिले इंग्रजीत, डॉक्टरांसाठी. दुसरे मराठीत, त्या बाईसाठी. दुसऱ्या पानाची भाषा माझी आहे.

मी सरकारी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात लिपिक होतो. निवृत्तीनंतर बरीच वर्षे घरी बसून होतो. भाचीने एकदा तिच्या प्रणालीतली मराठी वाक्ये वाचायला दिली. ती कोणत्यातरी यंत्राने इंग्रजीवरून उतरवली होती. मी चार ओळी वाचून कागद परत केला आणि ही मराठी नाही असे सांगितले. ती म्हणाली, मग तुम्ही लिहा. मी लिहिली. दोनशेच्या वर वाक्ये झाली. गर्भाची वाढ वयाप्रमाणे आहे. गर्भाभोवती पाणी पुरेसे आहे. वार खाली आहे, जड उचलू नये. अशी.

एका वाक्यावर मी तीन दिवस घालवले. गर्भपिशवी दिसते पण तीत गर्भ नाही, ठोके नाहीत, आणि दिवस पुष्कळ झाले आहेत, अशा वेळी बाईच्या हातात काय द्यायचे. ‘खुंटली’ हा शब्द झाडाला शोभतो. ‘मृत’ मला लिहायचा नव्हता. शेवटी लिहिले : गर्भाची वाढ थांबलेली दिसते. भाचीला ते आवडले. मलाही समाधान वाटले होते, हे नमूद करतो.

दुसरी गोष्ट सणांची. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजतात. खेड्यातली बाई तारीख सांगत नाही. ती सण सांगते, जत्रा सांगते, शेतातले काम सांगते. नागपंचमीच्या आधी दोन दिवस. शिराळशेटाच्या दिवशी. रुग्णालयात असताना नोंदवहीत मी हेच पाहिले होते. समोरचा कारकून घाईत असला की अंदाजाने आकडा टाकी आणि पुढे सगळे गणित त्या आकड्यावर उभे राही. म्हणून मी भाचीला सणांचे एक कोष्टक करून दिले. दवाखान्यातल्या बाईने सण निवडायचा, आधी की नंतर आणि किती दिवस ते टाकायचे, तारीख यंत्राने भरायची. प्रत्येक सणाची तिथी मी स्मरणातून लिहिली आणि त्या तिथीची इंग्रजी तारीख पंचांगातून काढली.

तिसरी गोष्ट एका रकान्याची. सण निवडल्यावर खाली एक मोकळी जागा ठेवायची आणि तिच्यावर ‘बाईचे शब्द’ असे लिहायचे, असा आग्रह मी धरला. बाईने जे सांगितले ते तसेच तिथे उतरवायचे. भाचीने विचारले, मामा, ह्याचा उपयोग काय, संगणकाला ते वाचता येत नाही. मी म्हणालो, माणसाला येते. तिने मला बरे वाटावे म्हणून तो रकाना ठेवला.

रोज सकाळी मी आदल्या दिवशीची मराठी पाने वाचतो. नावे झाकलेली असतात. मी व्याकरण पाहतो, वाक्ये एकापुढे एक नीट लागली आहेत का ते पाहतो. एवढेच माझे काम आहे.

पाचवा अहवाल साताऱ्याच्या दवाखान्याचा होता. तिथे आमची प्रणाली ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाली होती. बाई मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावची. वय सव्वीस. शेवटची पाळी : बेंदूर, नंतर एक दिवस. तारीख २२ जून. गर्भाचे वय नऊ आठवडे पाच दिवस. गर्भपिशवी दिसते. गर्भ व हृदयाचे ठोके दिसत नाहीत. त्याखाली माझे वाक्य. त्याखाली डॉक्टरांची सूचना : शनिवारी सकाळी आठला उपाशीपोटी येणे, पिशवी साफ करण्यासाठी. आदल्या रात्री जेवणानंतर दोन गोळ्या.

आणि बाईच्या शब्दांत : बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, लावण चालू व्हती.

वाक्ये एकापुढे एक नीट लागलेली होती. व्याकरणाची चूक नव्हती. मी पुढच्या पानाला हात घातला आणि परत मागे आलो, तो ‘लावण’ या शब्दामुळे.

नोकरीतली चार वर्षे मी पाटणला काढली आहेत. तिथल्या आरोग्य केंद्रात लिपिक होतो. डोंगरी भागात भाताचे तरू, म्हणजे रोपे, जूनमध्ये टाकतात. २२ जूनला ते बोटभरसुद्धा नसते. लावण होते ती आषाढात, पाऊस लागून राहिल्यावर, चिखल करून. २२ जूनला मेढ्याच्या वर कुणी लावण करत नाही.

मी उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने मागे उलटली. जूनच्या पानावर, ज्येष्ठी पौर्णिमेच्या घरात छापले होते : कर्नाटकी बेंदूर. जुलैच्या पानावर, आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी : महाराष्ट्रीय बेंदूर. दोन्ही नावे बारीक अक्षरात, पण स्पष्ट होती. ती दिनदर्शिका जानेवारीपासून माझ्या खुर्चीच्या मागे टांगलेली होती.

माझे गाव सांगलीच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. आमच्याकडे बेंदराला, बैलांच्या सणाला, शिंगे ज्येष्ठात रंगतात. माझी आई त्या सणाला कारहुणवी म्हणे. तिच्या बोलण्यात कानडी पुष्कळ होते. शाळेत मास्तरांनी मला सांगितले, कारहुणवी नव्हे, बेंदूर म्हणावे. तेव्हापासून मी बेंदूर म्हणतो. कोष्टक लिहिताना त्या ओळीपाशी मला आईचा शब्द आठवला होता. तो अशुद्ध म्हणून मी लिहिला नाही. ज्येष्ठी पौर्णिमेसमोर ‘बेंदूर’ असा एकच शब्द लिहिला आणि पुढच्या सणाकडे गेलो.

पाटणला मी दरवर्षी कारहुणवीला रजा घेऊन गावी जात असे. महिन्याभराने केंद्राच्या खिडकीखालून रंगवलेले बैल जात. ते मी चार वर्षे पाहिले. म्हणजे मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

मी पेन्सिलीने हिशेब केला. बाईचा बेंदूर आषाढातला असेल तर तिची पाळी २१ जुलैची. २९ ऑगस्टला होतात एकोणचाळीस दिवस. पाच आठवडे चार दिवस. त्या वयात पिशवी दिसते. गर्भ दिसेलच असे नाही, ठोके तर नाहीच. वाढ थांबल्याची ती खूण नव्हे. पिशवी मोकळी करणाऱ्या त्या गोळ्या आजच रात्री घ्यायच्या होत्या.

भाची आतल्या खोलीत फोनवर होती. मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि उभा राहिलो. तिने फोन खाली ठेवला, वाचले, आणि माझ्याकडे पाहिले.

“मामा, हे नक्की आहे?”

“शक्य आहे. नक्की त्या बाईलाच ठाऊक.”

तिने ताबडतोब साताऱ्याला फोन लावला. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेत होत्या. निरोप ठेवला. रुग्णाचा म्हणून दिलेला फोन नवऱ्याचा होता. नवरा सैन्यात, सीमेवर. फोन बंद. घरच्या फोनला गावात रेंज नसते असे दवाखान्यातून कळले. भाची म्हणाली, मेढ्याच्या आरोग्य केंद्रामार्फत गावच्या आशा कार्यकर्तीला गाठू, ती घरी जाऊन सांगेल. ते बरोबर होते आणि तिने तो फोनही लगेच केला. आशा कार्यकर्ती त्या दिवशी बैठकीसाठी मेढ्यातच होती, चारपर्यंत तिथेच असणार होती.

मी चप्पल घातली. भाचीने विचारले, निरोप जाणारच आहे तर तुम्ही कशाला. मी सांगितले, निरोपात काय सांगणार. बेंदूर कधी होता ते विचार, असे? आशा कार्यकर्ती विचारील, बाई सांगेल, आणि दोघींना बेंदूर एकच ठाऊक असेल, कोणता ते कळणार नाही. शिवाय चूक माझ्या ओळीची होती. हे शेवटचे मी बोललो नाही.

तिने मला स्कूटरवरून स्थानकावर सोडले. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, आपल्याकडून तपासायचे राहिले. ‘आपल्याकडून’ हा तिचा चांगुलपणा होता. कोष्टक मी लिहिले होते आणि तिने ते विश्वासाने घेतले होते.

सव्वादहाची साताऱ्याची गाडी मिळाली. कराडच्या स्थानकात गाडी उभी असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी त्यांना पूर्वी एकदाच भेटलो होतो. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी सगळे क्रमाने सांगितले.  मग म्हणाल्या की पिशवीचे माप त्यांनी आत्ता पुन्हा काढून पाहिले, ते साडेपाच आठवड्यांशी जुळते. गोळ्या घेऊ देऊ नका. पण तारीख मी अंदाजाने बदलणार नाही, तिच्या तोंडून खात्री करून मला कळवा. आषाढ ठरला तर उद्या येऊ नये, बारा-तेरा दिवसांनी पुन्हा तपासू. मी होय म्हणालो. मग त्या म्हणाल्या, “काका, मी नऊ आठवडे वाचलं, आणि नऊ आठवड्यांच्याच डोळ्यांनी पाहिलं.”  गाडी सुटली.

साताऱ्यात पावणेदोनला उतरलो. मेढ्याची गाडी अडीचची होती. मेढ्यात केंद्राच्या व्हरांड्यात आशा कार्यकर्ती माझी वाट पाहत बसली होती. चाळिशीची, खांद्याला पिशवी, पायात प्लास्टिकचे बूट. तिने माझ्या धोतराकडे आणि चपलेकडे पाहिले आणि वर चढायचे आहे, पाऊस आहे, जमेल का असे विचारले. मी म्हणालो, चला.

वडापची जीप गच्च भरली होती. आम्हाला मागच्या फळीवर जागा मिळाली. वाटेत तिने त्या घराचे थोडक्यात सांगितले. लग्नाला सहा वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी एकदा दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात मूल गेले. त्यानंतर आता. सासू कडक आहे पण सुनेला जपते. परवा पोट दुखले म्हणून काल सासूच घेऊन गेली होती दवाखान्यात. कागद आणला तो सासूने वाचून घेतला शेजारच्या पोरीकडून. मराठीत होता, म्हणून लगेच कळला.

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. भाताची खाचरे हिरवीगार होती. लावण होऊन महिना-सव्वा महिना झाल्याचे दिसत होते.

वडाप जिथे थांबले तिथून अर्धा तास चाल होती. माझी चप्पल दोनदा चिखलात राहिली. दुसऱ्या वेळी ती हातात घेऊन चाललो. घरी पोहोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. घर लहान, स्वच्छ. सासू सोप्यात तांदूळ पाखडत बसली होती. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

आशा कार्यकर्तीने माझी ओळख सांगितली. “आत्ती, ह्ये सांगलीचं पावनं. दवाखान्याच्या कागदाचं बगत्यात.”

सासूने सूप खाली ठेवले नाही. “कागदात काय ऱ्हायलंय आता बगायचं? उद्या आठाला या म्हनल्यात. येतो की.”

“गोळ्या घेतल्या का?” आशा कार्यकर्तीने विचारले.

“जेवल्याव घ्या म्हनल्यात. पाटं चारला उटायचंय, म्हनून मीच म्हनलं, आज लवकर जेव.”

आतला थापण्याचा आवाज थांबला होता.

मी उभ्यानेच बोललो. परक्या पुरुषाने परक्या घरात बाईच्या पाळीचा विषय कसा काढायचा याचा विचार मी बसमध्ये केला होता. उपयोग झाला नाही. मी फक्त म्हणालो की मला बेंदराची तारीख विचारायची आहे.

तिने मला डोक्यापासून चिखलाच्या पायापर्यंत पाहिले. “बेंदराची तारीख ईचारायला सांगलीस्नं आलासा? तुमच्याकडं क्यालिंडर न्हाई व्हय?”

“आहे. त्यात दोन बेंदूर आहेत.”

“दोन? आवं पावनं, बेंदूर कुटं दोन असत्यात का. येकच. आखाडात.”

“आमचा ज्येष्ठात असतो.”

“मग त्यो तुमचा आसंल,” ती म्हणाली. “आमाला काय त्येचं?”

माझ्या चुकीचे इतके नेमके वर्णन नंतर कुणी केले नाही.

सून दारात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ होते. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा. आशा कार्यकर्ती तिच्याजवळ गेली आणि हळू आवाजात बोलली. मी अंगणाकडे तोंड करून उभा राहिलो, पण ऐकू येत होते. बेंदराच्या आदल्या दिवशी नवरा रजेवर आला होता. बैल त्यानेच धुतले. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली, ती लावणीला गेली नाही, सासू एकटी गेली. नवरा नागपंचमी करून परत गेला.

एवढे पुरे होते. आषाढच होता.

आणखी एक गोष्ट तिथे उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आली. कागदावरची तारीख खरी धरली तर हे मूल जुलैच्या पहिल्या आठवड्यातले ठरत होते. तेव्हा नवरा सीमेवर होता. त्या घरात कुणी हे मोजले नव्हते. सासूला तारखांपेक्षा सण जवळचे होते म्हणून ते निभावले. मी तिथे काही मोजून दाखवले नाही.

मग मी वळलो आणि जे सांगायचे ते सांगितले. मी डॉक्टर नाही. मूल नीट आहे असे मी सांगायला आलेलो नाही, ते मला ठाऊक नाही. दवाखान्याच्या संगणकात सणांची यादी मी लिहिली आहे. तीत मी आमचा बेंदूर लिहिला, तुमचा लिहायचा राहिला. त्यामुळे कागदावर एक महिना जास्त धरला गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या घेऊ नका म्हणून सांगितले आहे. उद्या यायचे नाही. बारा-तेरा दिवसांनी पुन्हा तपासतील. तोवर काही कळणार नाही. दुखले किंवा रक्त दिसले तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

सासू सूप धरून बसली होती. तिने विचारले, “मागल्या टायमालाबी आसंच म्हनलं व्हतं, वाढ थांबली. तवाबी तुमीच ल्हिलं व्हतं?”

“नाही. तेव्हा मी नव्हतो.”

तिने मान हलवली. मी खरे बोललो की नाही हे तिने तपासल्यासारखे वाटले.

सून आतापर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. ती दारातूनच म्हणाली, “म्हंजी, वाढ थांबली न्हवं. आजून व्हायचीच हाय?”

मी तीन दिवस घालवून जे वाक्य घडवले होते, ते तिने एका दमात बदलून टाकले.

“असू शकते,” मी म्हणालो.

ती आत गेली. कोनाड्यातून कागदाची पुडी घेऊन आली आणि आशा कार्यकर्तीच्या हातात दिली. दोन गोळ्या तशाच होत्या. मी अहवालाचा कागद मागितला. सासूने तो ट्रंकेतून काढून आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. तो परत मिळणार नाही, नवा येईल, असे मी सांगितले. ती म्हणाली, न्या. मी त्याची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

निघताना सासूने चहा विचारला. वडापची वेळ होत आली होती, म्हणून नको म्हणालो. ती म्हणाली, “आवं, पाय तरी धुवून जावा.” आणि तांब्याभर पाणी माझ्या पायावर ओतले. मी पाय धुतले.

पुढे काय झाले ते इथेच लिहितो, कारण हे टिपण त्या एका दिवसापुरते आहे. अकरा सप्टेंबरला पुन्हा तपासणी झाली, हृदयाचे ठोके दिसले. एप्रिलच्या अखेरीस ती प्रसूत झाली, दोघेही सुखरूप आहेत असे दवाखान्यातून कळले. यात माझे कर्तृत्व काही नाही. बाईने लावणीचा उल्लेख केला आणि दवाखान्यातल्या कुणीतरी तो आळस न करता टंकला, म्हणून ते झाले. तिने नुसते ‘बेंदराच्या दुसऱ्या दिवशी’ म्हटले असते तर मी पान उलटले असते.

साताऱ्याच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. बाहेरचे रुग्ण संपत आले होते. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावले. मी पुडी आणि कागद टेबलावर ठेवले आणि बाईने काय सांगितले ते जसेच्या तसे सांगितले. त्यांनी पुडी उघडून गोळ्या मोजल्या आणि खणात टाकल्या. मग अहवाल उघडून तारीख बदलली, २१ जुलै. वय आपोआप बदलले, पाच आठवडे चार दिवस. त्याबरोबर मराठी पानावरचे माझे वाक्य नाहीसे झाले आणि त्या जागी काहीच आले नाही. पाच-साडेपाच आठवड्यांच्या रिकाम्या पिशवीसाठी मी वाक्यच लिहिलेले नव्हते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कागद मागून घेतला आणि लिहिले : या दिवसांत गर्भ दिसू लागलेला नसतो. पुन्हा तपासणी झाल्याशिवाय काहीही ठरवू नये. त्यांनी वाचले. ‘पुन्हा’च्या आधी ‘दोन आठवड्यांनी’ घालायचे का, असे विचारले. मी म्हणालो, दिवस तुम्ही ठरवा, ते वाक्यात नको. त्यांना पटले.

मी त्यांना विचारले की या महिन्यात साताऱ्यात आणखी कुणाच्या बाबतीत बेंदूर निवडला गेला आहे का. आम्ही दोघांनी मिळून सुरुवातीपासूनच्या सगळ्या नोंदी पाहिल्या. दुसरी नव्हती. त्या म्हणाल्या, वाचलो. मी त्यात सहभागी झालो नाही. सांगलीकडच्या नोंदी भाचीने दिवसभरात पाहून ठेवल्या होत्या. तिकडे सातजणी निघाल्या. सहा पूर्वेकडच्या गावांतल्या, त्यांचा बेंदूर ज्येष्ठातलाच. सातवी शिराळ्याच्या बाजूची, सहाव्या महिन्यातली. तिची पाळी बेंदरानंतर मोजलेली नव्हती, होळीनंतरची होती. बेंदूर हा शब्द तिच्या शब्दांच्या रकान्यात नुसता आला होता, बाळ हलल्याचे कधी कळले ते सांगताना. तरी भाचीने त्या दवाखान्याला कळवले होते. ते योग्य केले.

डॉक्टरीणबाई शेवटच्या रुग्णाला पाहायला बाहेरच्या खोलीत गेल्या. जाताना म्हणाल्या की खुर्ची घ्या, काम आटपा, घाई नाही. मी त्यांच्या संगणकावर माझ्या खुणेच्या शब्दाने कोष्टक उघडले. भाचीला फोन करून बाजूला ठेवला. ती म्हणाली, “मामा, मी करते इथून, तुम्ही दमला असाल.”

“मी लिहितो. तू वाच.”

ज्येष्ठी पौर्णिमेसमोरचा ‘बेंदूर’ खोडला. तिथे लिहिले : कारहुणवी, म्हणजे कर्नाटकी बेंदूर. खाली नवी ओळ घेतली. आषाढ, पौर्णिमेचा आदला दिवस : बेंदूर, आखाडातला. भाचीने विचारले, आषाढातला हवे ना. मी म्हणालो, आखाडातला.  मग दोन्ही ओळींपुढे एक अट घातली : यांपैकी एक निवडल्यास यंत्राने स्वतः तारीख भरू नये. आधी विचारावे, तुमच्या गावचा बेंदूर वटपौर्णिमेला होता की लावणीत. उत्तर आल्याशिवाय पुढचे पान उघडू नये.

भाचीने दोन्ही ओळी मला मोठ्याने वाचून दाखवल्या. मी त्या तिला पुन्हा एकदा वाचायला लावल्या. मग जतन केल्या. उद्या पहाटेची पहिली गाडी धरून येतो, असे सांगून फोन ठेवला.

टेबलावरचा जुना अहवाल पुढे ओढून त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि मागच्या बाजूला लिहिले : तारीख चुकीची, यादीतील दोषामुळे. खाली सही केली, तारीख घातली. तो डॉक्टरीणबाईंच्या फाइलमध्ये टाचला. संगणक बंद केला आणि त्याच्यावर कापडी झाकण घातले.